तीन बदाम

सिव्हिल लाइन्सच्या क्लबात मे महिन्यात
दुपारी तीनला पडदे ओले करतात.
वाळ्याचा वास, कूलरची घरघर
आणि घरघरीच्या वर जाईल इतपत
चढ्या आवाजातली बोली.
बोलीचे छापील पत्ते मागवलेत.
सेक्रेटरी म्हणतात, येऊन राहिले.

खानझोडे म्हणाले, ‘एक नोट्रम.’
एकवीस वर्षं म्हणतात तसंच,
अजनीच्या शेडमध्ये इंजिनाचा नंबर सांगावा तसं.
मला अर्थ पाठ आहे.
पंधरा ते सतरा गुण, चारी घरांत दिवा,
कुठे फार नाही,
कुठे अगदीच नाही असंही नाही.
माणूसही तसाच. मनीषनगरात दुमजली घर,
एक सून पुण्याची, एक इथलीच,
रक्तदाब गोळीत.

मी माझी पानं उलगडली.
इस्पिक तीन. चौकट पाच. किलवर पाच.
पुन्हा मोजली. तेरा भरतात.
बदाम एकही नाही.

महालेखापालांच्या कचेरीत चौतीस वर्षं
जमाखर्च जुळवूनच मी घरी गेले.
अजून असा एकांगी हात आला
की बोटं गडबडतात.

साध्या हातांसाठी साधी रीत आहे.
बदाम असतील तर ‘दोन चौकट’ म्हणायचं,
इस्पिक असेल तर ‘दोन बदाम’.
एक घर अलीकडचं नाव घ्यायचं,
भिडूनं पलीकडचं ओळखायचं.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
पाहुण्यांकडे भूक लागली की आम्ही बहिणी
आईला ‘किती वाजले’ विचारत असू.

पण एका अंगाला भरलेला,
दुसऱ्या अंगाला उघडा हात
कोणत्या शेजाऱ्याच्या नावानं सांगायचा?
त्यासाठी तीन वर्षांपूर्वी
तर्री-पोह्यांच्या बशा सरकवून
आम्ही एक संकेत लिहिला होता.
तीन बदाम म्हणजे बदाम नाहीत.
‘जे नाही तेच सांगायचं, मोहरीलबाई.
मंग भिडूले समजते, आपलं काय वाया जाते अन् काय नाही.’
शब्द त्यांचे, अक्षर माझं.
कागदाला तेलाचा डाग.
तेव्हापासून तो हात एकदाही आला नव्हता.

मी म्हणाले, ‘तीन बदाम.’
डावीकडच्या गावंडेबाई, पास.
खानझोड्यांनी चष्मा कपाळावर नेला,
पत्ते मिटले, पसरले,
आणि अगदी समाधानानं म्हणाले,
‘पास.’

वीज गेली ती त्यानंतर.
उगाच तिच्यावर ढकलायला नको.

बदाम हुकूम. आणि खेळायचे मी,
जिच्या हातात एकही नाही.
गावंडेबाईंनी बदामाचा राजा टाकला.
खानझोड्यांनी आपला हात टेबलावर मांडला,
लग्नातलं रुखवत मांडावं तसा.
‘घ्या. चार आहेत. एक्क्यासकट.’
एक्का लावला.
मग त्यावर मी माझी किलवरची तिर्री टाकली.

ते त्या तिर्रीकडे पाहत राहिले.
कुणीतरी खिडकी उघडली, झळ आत आली,
पुन्हा लावली.

पाच दस्त झाले. चार उणे.
दुसऱ्या टेबलावर ह्याच पानांत
चौकटीचे सहा बोलले आणि बाराच्या बारा केले.
एरवी असं झालं की मी बोलते.
नंतर बोलायचं म्हणून मुद्दे लिहूनही ठेवते.

पेन्सिलीनं ‘दोनशे’ लिहीत होते
तेव्हा ते हळूच म्हणाले,
‘आठवलं होतं. थोडं थोडं.
पण तुम्ही बदाम म्हटलं नं,
तं मले वाटलं, असतीलच.
इतक्या वर्षांत एकडाव तं असतील.’

मी उत्तर दिलं नाही.
रुमालानं चष्मा पुसला, माझा.

पुढचा बोर्ड आला.
चार-तीन-तीन-तीन. एक राणी, दोन गुलाम.
सगळीकडे थोडं थोडं,
सांगण्यासारखं काही नाही.
पास, मी म्हणाले.
कूलर नव्हता, तरी जरा मोठ्यानंच.